वाडा विकण्याआधी: सोलापुरातल्या वाडेमालकांना खुले पत्र

प्रति,
उत्तर कसबा, दक्षिण कसबा, शुक्रवार पेठ, बाळीवेस, चाटी गल्ली आणि आसपासच्या जुन्या वाड्यांचे मालक व त्यांचे भाऊबंद,
सोलापूर.

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी अनेकांच्या ओसरीवर बिल्डरची माणसं बसून गेली आहेत. काहींनी विसार घेतलाय, काहींचं बोलणं एखाद्या भावाच्या सहीवर अडलंय, काहींनी अजून दार उघडलेलं नाही. ज्यांनी दार उघडलेलं नाही आणि ज्यांची सही व्हायची आहे, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. मागणी एवढीच, की वाडा पाडायला देण्याआधी त्यातले दोन-तीन खण नीट दुरुस्त करून मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांना देता येतील का, हे एकदा मनापासून तपासून बघा.

मी सगळी नोकरी बांधकामावर सुपरवायझर म्हणून केली. सिमेंट, सळई, सेंट्रिंग यांत हयात गेली. त्यामुळे जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. पडायला आलेली भिंत पडायला आली आहे असंच मी सांगेन. पण दुरुस्त होण्याजोगी भिंत 'धोकादायक' म्हणून पाडलेली बघतो, तेव्हा गप्प राहवत नाही.

निमित्त झालं तंजावरच्या प्रवासाचं. बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा मराठी शिलालेख आहे, तो डोळ्यांनी बघावा ही फार दिवसांची इच्छा होती. सरस्वती महाल ग्रंथालयही बघायचं होतं. दोन्ही बघून झाल्यावर सौ.ने समुद्राचा हट्ट धरला, म्हणून मयिलादुतुराईमार्गे तरंगमबाडीला गेलो. इंग्रजी नकाशात त्याला ट्रँकेबार म्हणतात. बंगालच्या उपसागरावरचं छोटंसं कोळ्यांचं गाव. तंजावरच्या रघुनाथ नायकाने १६२० साली डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना ते खंडाने दिलं आणि त्यांनी लगेच तिथे डान्सबोर्ग हा किल्ला बांधायला घेतला. पुढे तंजावरला व्यंकोजीराजांचं राज्य आलं, तेव्हा या गावाचा खंड आपल्या भोसल्यांच्या दरबारात जमा होऊ लागला. १८४५ मध्ये डॅनिश लोकांनी गाव इंग्रजांना विकलं. व्यापार दुसरीकडे सरकला आणि गाव मागे पडलं. दुसऱ्या सरफोजीराजांचे गुरू, जर्मन मिशनरी श्वार्त्झ १७५० साली हिंदुस्थानात आले, आणि त्यांनी काम सुरू केलं ते याच गावी. मराठी माणसाने तिथे परक्यासारखं फिरावं असं ते गाव नाही.

आम्ही उतरलो ते किल्ल्याशेजारच्या 'बंगलो ऑन द बीच' या हॉटेलात. एकेकाळी इथे इंग्रज कलेक्टरचा बंगला होता. जुने किल्ले, हवेल्या दुरुस्त करून तिथे पाहुण्यांची सोय करणाऱ्या नीमराणा या मंडळींनी तो नीट केला. दुमजली, पांढरा, खांबांच्या रुंद व्हरांड्याचा. खोल्या मोजक्याच, आणि त्यांना नावं दिली आहेत ती त्या बंदरात येणाऱ्या डॅनिश जहाजांची. खोलीत शिरलो आणि सवयीने आधी छत बघितलं. उंच, तुळयांचं. मग भिंतीची जाडी हाताने मापली. मग दारांची बिजागरी. सौ. तोवर व्हरांड्यात जाऊन बसली होती आणि तिथून उठायला तयार नव्हती.

रात्रभर लाटांचा आवाज येत होता. वारा खारा, अंगाला चिकटणारा. पहाटे कोळ्यांच्या होड्या परतल्या आणि किनाऱ्यावर जाळी झटकायला लागले. बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. व्हरांड्यात चहा पिता पिता हे सगळं समोर दिसत होतं, आणि हॉटेलात वाढायला, झाडायला असलेली पोरं त्याच गावातली होती. याच किनाऱ्यावर २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. या गावाने त्या दिवशी शेकडो माणसं गमावली. त्यानंतर इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि डेन्मार्कमधून आलेली मदत यांतून गावातली पडकी घरं एकेक करून उभी राहिली. राजा रस्त्यावरून चाललं की ती दिसतात: बुटकी, ओटे असलेली, कौलारू. कालपरवा बांधल्यासारखी नवीन वाटत नाहीत, वापरातली वाटतात. मला तेच महत्त्वाचं वाटलं.

आता माझ्या विषयाकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या वाड्याचं मरणजगणं यावर ठरतं.

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेली ती भिंत खाऱ्या वाऱ्यात टिकली कशी? आपल्या इथे समुद्राचा वारा नाही, पाऊस बेताचा, तरी आपल्या वाड्यांचा गिलावा पापुद्रे निघून का पडतो? उत्तर चुन्यात आहे. तिथे एका घराच्या दुरुस्तीवर एक वयस्कर गवंडी काम करत होता. त्याला मराठी येत नव्हती, मला तमिळ येत नव्हती, पण आम्ही दोघांनी गिलाव्याला हात लावला आणि बोलणं सुरू झालं. त्याने माझ्या तळहातावर हिरड्याचं फळ ठेवलं. हिरडा आणि गूळ पाण्यात भिजवून, ते पाणी चुन्यात मिसळून ते लोक गारा मळतात. आपल्याकडेही गूळ, बेलफळाचा गर घालून बैलाच्या घाणीत चुना मळायची रीत होती. माझ्या लहानपणी बैल लावून फिरणारी चुन्याची घाणी मी पाहिली आहे.

चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कठीण होत जातो, आणि कठीण झाल्यावरही त्यातून वाफ आरपार जाऊ शकते. भिंतीत शिरलेली ओल बाहेर निघून जाते. क्षार वर आले तर गिलाव्याच्या तोंडाशी येतात, झाडून टाकता येतात. सिमेंटचा गिलावा कडक आणि बंद. मागे अडकलेल्या पाण्याला वाट नाही. पाणी आटतं, क्षारांचे खडे गिलाव्याच्या आत तयार होतात, फुगतात आणि सगळा थर भिंतीपासून सोडवतात. आपल्या वाड्यांना बाहेरून दगड आणि आतून पांढऱ्या मातीची भरणी असते. अशा भिंतीवर मालक मोठ्या हौसेने सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट मारतो. मग जमिनीतली ओल वर चढत चढत छातीपर्यंत येते आणि माती आतून भुसभुशीत होते. काही वर्षांनी कुणीतरी येऊन सांगतो की वाडा धोकादायक झाला. आधी चांगली असलेली भिंत आपणच आजारी केलेली असते.

आपल्या माळवदांचंही, म्हणजे मातीच्या सपाट छतांचंही, तसंच. पूर्वी मृग लागायच्या आत माळवदावर चढून खारी माती पसरायचे, चोपायचे, पन्हाळी साफ करायचे. घरातली पोरंटोरं त्यात असायची. ते बंद झालं, पाणी झिरपलं, तुळईचं टोक भिंतीत कुजलं, आणि मग त्यावर उपाय म्हणून स्लॅब टाकला. जुन्या भिंतीवर स्लॅबचं ओझं येतं, ते भिंतीला पेलत नाही. कुजलेलं टोक कापून तिथे नवं लाकूड जोडता येतं, हे सांगणारा सुतार आज शोधावा लागतो. पण सापडतो. शहरात नाही सापडला तर खेड्यात सापडतो.

तरंगमबाडीच्या मंडळींनी काय केलं आणि काय टाळलं, हे मी बारकाईने बघितलं. न्हाणीघरं नवी आहेत, पाण्याचे नळ नवे आहेत, वीज नवी आहे. पाहुण्याला गरम पाणी आणि स्वच्छ संडास हवाच, त्यात तडजोड नाही. पण चुन्याच्या जागी चुना ठेवला, लाकडाच्या जागी लाकूड ठेवलं. त्या मुलखात पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, म्हणून डागडुजी त्याआधी उरकतात. दरवर्षी थोडं थोडं काम. यात कुठलीही जादू नाही. आपल्याकडेही पूर्वी हेच चालत होतं.

तुम्ही म्हणाल, तिथे समुद्र आहे, सोलापुरात कोण मुक्कामाला येणार? मी हा प्रश्न स्वतःला परतीच्या गाडीत बराच वेळ विचारला. उत्तर असं, की आपल्याकडे लाटांऐवजी माणसं येतात, बारा महिने. तुळजापूर इथून ४५ किलोमीटरच्या आसपास, अक्कलकोट त्याहूनही जवळ, पंढरपूर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं, पुढे गाणगापूर, आणि दुसऱ्या बाजूला विजापूरचा गोलघुमट. मुंबई, पुणे, हैदराबादहून निघालेलं कुटुंब या सगळ्याच्या मध्ये सोलापुरात एक-दोन रात्री काढतंच. २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत येते. गोव्याचं विमान सुरू झालं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा बाहेरगावच्या पाहुण्यांना शहरात जागा मिळत नाही. हे सगळे लोक उतरतात कुठे? हायवेवरच्या काचेच्या हॉटेलात किंवा स्टेशनजवळच्या लॉजमध्ये. सकाळी उठतात, गाडीत बसतात, निघतात. त्यांनी सोलापूर बघितलेलंच नसतं.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर महापालिकेने स्मारक म्हणून जपलं. या गावचा मुलगा डॉक्टर होऊन चीनमध्ये गेला आणि १९४२ साली तिथेच सेवा करता करता गेला. त्याचं जन्मघर बघायला चीनमधून पाहुणे येतात. घर बघून झाल्यावर त्यांना त्याच काळच्या दुसऱ्या एखाद्या वाड्यात, चौकातल्या तुळशीशेजारी बसून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही देता आलं तर? मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा दीड हात जाडीच्या भिंतीत दुपारी किती गारवा असतो, हे आपण सांगायची गरज नाही, पाहुणा स्वतःच सांगेल. पांघरायला सोलापुरी चादर आणि अंघोळीला इथल्याच टेरी टॉवेल कारखान्याचा टॉवेल. शहर म्हणून आपली ओळख ज्या दोन वस्तूंवर उभी आहे, त्या पाहुण्याच्या अंगाला लागतील.

दुरुस्ती आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. अप्पासाहेब वारदांचं इंद्रभुवन बघा. इतकी वर्षं महापालिकेचा कारभार तिथे चालला, ते झिजलं, मग नीट दुरुस्त झालं. आज संध्याकाळी माणसं पोरांना घेऊन त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात. मला त्याचा अभिमान वाटतो. आणि शेजारीच, शहराला ज्यांनी घडवलं त्या गिरण्यांचं काय झालं हेही आपण पाहिलं. लक्ष्मी विष्णू, नरसिंग गिरजी, १८७७ ची जुनी मिल. पंचवीस-तीस वर्षांच्या आतल्या पोरांना भोंग्याचा आवाज माहीत नाही. गिरण्या आपल्या हातात नव्हत्या. वाडे आहेत.

तमिळ मुलखातच याचे दोन्ही रस्ते बघायला मिळतात. चेट्टियार लोकांची मोठी घरं आहेत, ब्रह्मदेशातलं सागवान लावलेली. त्यांतली काही वारसांच्या वाटण्यांत मोडली, आणि त्यांचे खांब, दारं, कोरीव चौकटी कारैकुडीच्या जुन्या सामानाच्या दुकानांत सुटे विकायला आले. काही घरांचं मात्र मालकांनी किंवा भाडेकरारावर घेतलेल्या मंडळींनी हॉटेल केलं, आणि ती उभी आहेत. आपल्या पेठांतूनही सागवानी दारं ट्रकमध्ये चढताना मी पाहिली आहेत. जुन्या लाकडाचे व्यापारी ती पुण्या-मुंबईकडे नेतात. तिथे एखाद्या फार्महाउसला ती शोभा देतील. तुमच्या आजोबांनी दिंडी दरवाजावर कोरून घेतलेला गणपती त्या घरात कुणाचा असेल?

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. पहिली अडचण भाऊहिश्श्यांची. वाड्याच्या उताऱ्यावर वीस नावं, त्यांतली निम्मी पुण्यात आणि काही परदेशात. विकून पैसे वाटून घेणं हाच सगळ्यांना सोपा मार्ग वाटतो. पण सगळा वाडा एकदम करायचा नाही. एका भावाच्या वाट्याचे दोन खण आणि चौकाची एक बाजू एवढ्यापासून सुरुवात होते. बाकीच्यांनी फक्त ना हरकत द्यावी. उत्पन्न दिसलं की पुढच्या सह्या आपोआप होतात. दुसरी अडचण जुन्या भाडेकरूंची. त्यांचे कायद्याने हक्क आहेत, त्यांना हुसकावून काही करू नये, आणि करताही येणार नाही. जिथे रिकामे खण आहेत तिथूनच काम काढावं. एखादा भाडेकरूच पाहुण्यांच्या स्वयंपाकाचं बघायला तयार होईल. तिसरी अडचण पैशाची. खरंच पैसा नसेल तर विकण्याऐवजी ठराविक वर्षांच्या करारावर चालवायला देण्याचा मार्ग आहे. मालकी तुमची राहते, दुरुस्तीचा खर्च चालवणारा करतो, मुदत संपली की दुरुस्त झालेला वाडा परत तुमच्याकडे येतो. करार मात्र चांगल्या वकिलाकडून करून घ्या, आणि त्यात चुना आणि लाकडाची अट लिहून घ्या. नाहीतर येणारा माणूस चौकावर पत्रा ठोकेल आणि भिंतींना टाइल्स लावेल. असं झालेलं मी बघितलं आहे.

घरगुती पातळीवर पाहुणे ठेवायचे असतील तर राज्याच्या पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे. कोकणात कितीतरी घरांनी तिच्यावर संसार उभे केले. पेठेतल्या वाड्यांनी तिच्याकडे बघितलेलं दिसत नाही. तिची माहिती काढा. नोंदणी केली की पाहुण्यालाही विश्वास वाटतो.

महापालिकेकडे काय मागायचं, तेही आपण एकत्र बसून ठरवायला हवं. एकट्याने अर्ज केला तर तो टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. मुंबईने १९९५ साली वारसा इमारतींची नियमावली केली, आणि इमारत पाडता येत नाही म्हणून मालकाचं नुकसान होऊ नये यासाठी विकास हक्क, म्हणजे त्या जागेवर न करता आलेल्या बांधकामाचा हक्क, दुसरीकडे वापरण्याची सवलत दिली. नुसतं 'पाडू नका' म्हणणं अन्यायाचं आहे, बदल्यात काहीतरी द्यावं लागतं, हे तिथे मान्य झालं. आपल्या वाड्यांची यादी पेठनिहाय करावी, जो मालक वाडा नीट राखेल त्याला घरपट्टीत सूट द्यावी, दोन खणांत पाहुणे ठेवले म्हणून सगळ्या वाड्याला व्यापारी दर लावू नये, आणि अरुंद गल्ल्यांसाठी रस्त्यावरच्या चौकात कुठेतरी गाड्या लावायची सोय करावी, एवढ्या मागण्या मला सुचतात. तुम्हाला आणखी सुचतील. पन्नास वाडेमालक एका कागदावर सही करून गेले तर ऐकणार नाही असं कुठलंही कार्यालय नसतं.

आणि एक गोष्ट आग्रहाने सांगतो. दुरुस्तीच्या नावाखाली वाड्याचा देखावा करू नका. कोनाड्यात प्लॅस्टिकची फुलं, भिंतीवर वारली चित्रं, दारात तुतारीवाला उभा करून पाहुण्यांचं स्वागत, यातलं काही नको. तरंगमबाडीच्या त्या व्हरांड्यात कुणी आम्हाला काही सादर करून दाखवलं नाही. इमारत जशी होती तशी वापरायला दिली, एवढंच. तुमच्या वाड्यात सासूबाई सकाळी चौकात रांगोळी काढत असतील तर ती काढू दे. पाहुणा बघेल.

माझ्याकडून काय होईल ते लिहितो. पैसे घालण्याइतकी माझी ऐपत नाही. पण भिंत वाजवून आतली पोकळी ओळखणं, ओल कुठून चढते ते शोधणं, कुठली तुळई ठेवायची आणि कुठली बदलायची, खर्चाचा कच्चा अंदाज काढणं हे मला येतं, आणि त्याचे पैसे मी कुणाकडूनही घेणार नाही. माझ्याबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकलेला माझा पुतण्या येईल, म्हणजे माझ्या जुन्या समजुतींवर कुणाचं तरी लक्ष राहील. जिथे वाडा खरोखर राहण्याजोगा नसेल तिथे तसंही स्पष्ट सांगू, लपवणार नाही. माणसाच्या जिवापेक्षा वाडा मोठा नाही.

दसरा झाला, पाऊस उघडला, की माळवदं वाळतात आणि भिंतीतली ओल कुठवर चढली होती याची रेघ स्वच्छ दिसते. पाहणीला तो काळ सगळ्यांत चांगला. तेव्हा कोजागरीनंतरच्या कुठल्याही रविवारी बोलवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या दिवशी हजर ठेवा, कारण कुठली भिंत कधी बांधली, कुठे जुना आड बुजवला, कुठल्या खोलीत धान्याचं पेव होतं हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि ते कळल्याशिवाय कुदळ लावायची नाही. वाड्याचा जुना नकाशा, उतारा किंवा एखादा लग्नातला फोटो असेल, ज्यात मागे भिंत दिसते, तोही काढून ठेवा. आणि तोवर, एवढी विनंती, की कुणाच्या कागदावर सही करू नका आणि भिंतीला सिमेंट लावू नका.

आपला नम्र,
बांधकामावर हयात घालवलेला एक सोलापूरकर